जाणे, येणे आणि वाट पाहणे : श्रीगुरुचरित्रातील प्रवासांचा एक अभ्यास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दरवर्षी दत्तजयंतीच्या अंकात आपण अनुभव वाचतो, स्तोत्रांचे अर्थ वाचतो, क्षेत्रांची माहिती वाचतो. या वेळी थोडा अभ्यास करू या. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्या खारदांड्यात दर गुरुवारी संध्याकाळी दहा-पंधरा जण जमतो. कॉलेजची दोन-तीन मुलं असतात, बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतात आणि दिवसभराची मासळी विकून, हातपाय धुऊन आलेल्या बायका असतात. मी कथा सांगते, मग सगळे बोलतात. यंदा मुलांना अभ्यासाला ‘साहित्यातील प्रवास’ हा विषय होता. म्हटलं, तोच विषय घेऊ आणि हाताशी ग्रंथ घेऊ आपलं श्रीगुरुचरित्र. चार-पाच गुरुवार या विषयात गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते.

शब्दांपासून सुरुवात

आपल्या भाषेत ‘प्रवास’ या एका शब्दावर भागत नाही. यात्रा वेगळी, वारी वेगळी, परिक्रमा वेगळी. भटकंती वेगळी, फेरी वेगळी. वनवास म्हणजे दुसऱ्याने लादलेलं जाणं. महाप्रस्थान म्हणजे परत न येण्याच्या तयारीने निघणं. मुलगी माहेरी जाते आणि सासरी जाते. रस्ता तोच असतो, पण दोन्ही जाण्यांमध्ये केवढा फरक! आपल्या आज्यांनी जात्यावर बसून त्यावर शेकडो ओव्या रचल्या.

यातून पहिला धडा असा, की प्रवासाचा प्रकार अंतरावरून ठरत नाही. किती कोस चालला हे विचारून काही कळत नाही. कशासाठी निघाला, परत आला का, आणि आला तर काय घेऊन आला, हे विचारलं की प्रकार कळतो. आता एकेक प्रकार घेऊ.

पहिला प्रकार : जाऊन येणे

जगातल्या सगळ्यात जुन्या गोष्टी या प्रकारच्या आहेत. ग्रीकांचा ओडिसियस दहा वर्षं युद्धात होता आणि पुढची दहा वर्षं समुद्रातून घरी पोचायला लागली. होमरचं ते सगळं महाकाव्य म्हणजे घरी येण्याची धडपड.

मराठीत याचं उत्तम उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसई गावचे हे भटजी. घरावर कर्ज होतं. उत्तरेत ग्वाल्हेरकर बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं ऐकून 1857 साली ते काकांबरोबर निघाले आणि बंडाच्या ऐन धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्याच्या वेळी ते झाशीतच होते. लूट पाहिली, माणसं मरताना पाहिली, मिळवलेलं द्रव्य गमावलं. परत आले ते गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन, आईवडिलांना गंगास्नान घालण्यासाठी. पुस्तक बऱ्याच वर्षांनी, 1907 साली, चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केलं.

आमच्यातल्या एका मुलाने छान विचारलं. “बाई, ते पैसे आणायला गेले आणि पाणी घेऊन आले. मग प्रवास फुकट गेला का?” मी म्हटलं, तूच सांग. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “नाही. जाताना मुलगा कर्ज फेडायला गेला होता. येताना ऋण फेडायला आला.” मला काही भर घालायची गरज उरली नाही.

आता गुरुचरित्रात या. चौदावा अध्याय आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे, संकट आलं की तोच वाचतात. सायंदेव हा यवन अधिकाऱ्याच्या पदरी नोकरीला होता. तो अधिकारी क्रूर, दरवर्षी एका ब्राह्मणाचा जीव घ्यायचा, आणि त्या वर्षी बोलावणं सायंदेवाला आलं. जायचं म्हणजे मरायचं. गोदावरीच्या काठी वासर-ब्रह्मेश्वराला त्याला श्रीनृसिंहसरस्वती भेटले. त्याने मनातली भीती सांगितली. श्रीगुरूंनी मस्तकावर हात ठेवला, निर्धास्त जा म्हणाले, आणि एक वचन दिलं : तू येईपर्यंत आम्ही इथेच आहोत.

सायंदेव गेला. त्याला पाहून यवनाच्या अंगाचा दाह होऊ लागला. तो आत जाऊन झोपला तर स्वप्नात मार बसू लागला. घाबरून बाहेर आला, तुला कोणी बोलावलं म्हणाला आणि वस्त्रं-अलंकार देऊन परत पाठवलं. सायंदेव परतला तो आधी घरी गेला नाही, नदीकाठी आला. श्रीगुरू तिथेच होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. या कथेत जाणारा शिष्य आहे आणि काठावर थांबलेले गुरू आहेत.

आणखी एक. ग्रंथ लिहिणारे सरस्वती गंगाधर हे याच सायंदेवाच्या वंशातले. पहिल्या अध्यायात ते आपली वंशावळ देतात : सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर आणि मग ते स्वतः. सायंदेव त्या दिवशी परत आला नसता, तर आपण ज्याचा सप्ताह करतो तो ग्रंथ कोणी लिहिला असता? जाऊन येण्याच्या प्रवासाचं मोल कधी कधी पाचव्या पिढीला कळतं ते असं.

दुसरा प्रकार : फेरी आणि वारी

काही प्रवास एकदा करून संपत नाहीत. ते रोज किंवा दरवर्षी करायचे असतात. दत्तप्रभूंचा प्रवास असाच आहे. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला, अशी आपली परंपरा सांगते. रोज तीच फेरी. या फेरीला शेवट नाही, कारण कुठेतरी पोचणं हा तिचा हेतूच नाही. ज्याने आठवण काढली त्याच्या दारावरून जाणं हा हेतू.

हे आमच्या डांड्याच्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. भरती-ओहोटीच्या वेळा बघून बोट निघते आणि मासळी घेऊन परत येते. उद्या पुन्हा तेच. तांडेलाला कोणी विचारत नाही, की तू इतकी वर्षं समुद्रावर जातोस तर पोचलास कुठे?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची नावं सांगतो. एकनाथ महाराजांनी त्यावर मराठीत जे विस्ताराने लिहिलं ते 1573 साली काशीत पुरं झालं. अवधूत भटकत असतो आणि वाटेत जो भेटेल त्याच्याकडून एकेक गोष्ट शिकतो. त्या चोवीसांत समुद्र आहे आणि मासाही आहे. पावसाळ्यात सगळ्या नद्या येऊन मिळाल्या तरी समुद्र फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही, हे समुद्राकडून शिकायचं. जिभेच्या लोभाने गळाला लागू नये, हे माशाकडून. हे सांगितलं तेव्हा आमच्या बायका हसल्या. एक म्हणाली, “आम्ही रोज मासा विकतो, तो काय शिकवतो ते आज कळलं.”

वारी हीसुद्धा फेरीच, पण माणसांच्या मेळ्यातली. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. आजच्या गाडीने एका दिवसाचं काम, पण वारकरी अठरा-वीस दिवस चालतो. इरावती कर्वे यांनी वारीत चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो 1949 च्या ‘परिपूर्ती’ या पुस्तकात आहे. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. त्यांना भजनाचा आनंद दिसला, तसंच एकाच दिंडीतली माणसं जातीप्रमाणे वेगवेगळी जेवतात हेही दिसलं, आणि दोन्ही त्यांनी लिहिलं. चांगला प्रवासलेखक असा असतो. तो वाटेवर प्रेम करतो म्हणून खड्डे लपवत नाही.

तिसरा प्रकार : परिक्रमा

परिक्रमा फेरीसारखी दिसते, पण वेगळी आहे. फेरीत आपण माणसांमधून जातो. परिक्रमेत एकाच गोष्टीभोवती फिरतो. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी सतत उजव्या हाताला ठेवतो आणि मध्ये कुठेही ती ओलांडत नाही. फक्त जिथे ती समुद्राला मिळते तिथे नावेतून पलीकडच्या तीरावर जातो. परिक्रमा संपते तेव्हा माणूस जिथून निघाला तिथेच उभा असतो. नकाशावर बघाल तर त्याने शून्य अंतर कापलं. पण तोच माणूस परत आला असं त्याच्या घरचे म्हणत नाहीत.

नर्मदेचं नाव घेतलं की प. पू. टेंबेस्वामी आठवतात. 1854 साली सावंतवाडीजवळ माणगावला जन्म, 1914 साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधी. सगळा भारत त्यांनी पायी पालथा घातला. त्यांच्या हयातीत आगगाडी देशभर पसरली, तरी त्यांनी वाहनाचा उपयोग केला नाही. आपल्याला वाटतं, यात हट्ट आहे. पण विचार करा, गाडीत बसलेल्या माणसाला कोण भेटतं? शेजारच्या बाकावरचा. पायी चालणाऱ्याला वाटेवरचं प्रत्येक गाव भेटतं. चालत जाणं हा त्यांच्या कार्याचा मार्ग होता, असं मला वाटतं.

चौथा प्रकार : रूपकातला प्रवास

काही लेखक प्रवास लिहितात, पण त्यांना सांगायचं दुसरंच असतं. इंग्रज लेखक जॉन बन्यनने 1678 साली एका यात्रेकरूची कथा लिहिली. त्यातला रस्ता म्हणजे जीवाचा देवाकडे जाण्याचा मार्ग, वाटेतली दलदल म्हणजे निराशा. हरि केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने 1841 साली ती कथा मराठीत आणली. पुढे 1857 साली, म्हणजे गोडसे भटजी निघाले त्याच वर्षी, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. त्यात यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते, पण लेखकाला स्थळं दाखवायची नाहीत. विधवांचे हाल दाखवायचे आहेत. दोन्ही पुस्तकं ख्रिस्ती धर्माच्या प्रेरणेने आली, पण अभ्यास करताना जे शिकण्यासारखं आहे ते घ्यावं. अवधूताने चोवीस ठिकाणांहून घेतलंच की!

गुरुचरित्राची चौकटच मुळी अशी आहे. नामधारक दुःखाने पोळलेला, घर सोडून गाणगापूरच्या वाटेने निघालेला. चालून चालून थकतो आणि वाटेत झाडाखाली झोपतो. स्वप्नात योगी दिसतो. जागा होऊन पुढे निघतो तर तोच योगी समोर! हे सिद्धमुनी. पुढे सगळा ग्रंथ म्हणजे सिद्ध सांगतात आणि नामधारक ऐकतो. म्हणजे एक प्रवासी वाटेत थांबला आणि त्याच्या थांबण्यातून एवढा मोठा ग्रंथ झाला.

1949 साली जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने जगातल्या वीरकथांचा एक साचा मांडला : घर सोडणं, परीक्षेतून जाणं आणि काहीतरी मिळवून परतणं. मुलांच्या नोट्समध्ये हा साचा असतोच. सायंदेव त्यात नीट बसतो. पण त्याला एक मर्यादा आहे. त्याचं सगळं लक्ष जाणाऱ्यावर आहे. मागे राहिलेल्यांचं काय, हे तो फारसं विचारत नाही. आपल्या ग्रंथाने ते विचारलं आहे.

पाचवा प्रकार : बसल्या जागी यात्रा

गाणगापुरात एक विणकर होता, श्रीगुरूंचा निष्ठावंत भक्त. ग्रंथात त्याला तंतुक म्हटलं आहे. शिवरात्रीसाठी त्याच्या घरचे सगळे श्रीशैल्याला निघाले. तो म्हणाला, माझा मल्लिकार्जुन इथेच आहे, मी येत नाही. लोक हसले. शिवरात्रीच्या दिवशी श्रीगुरू त्याला म्हणाले, माझ्या पादुका घट्ट धर आणि डोळे मीट. डोळे उघडले तर समोर पाताळगंगा आणि श्रीशैल! तिथे त्याचे नातेवाईक भेटले. तू आमच्या मागून लपून का आलास, म्हणाले. मंदिरात गेला तर लिंगाच्या जागी त्याला श्रीगुरूच बसलेले दिसले. मग तसाच क्षणात परत. गावात त्याचं मुंडण झालेलं डोकं पाहून पुन्हा लोक हसले, आणि काही दिवसांनी खरे यात्रेकरू परतले तेव्हा त्यांनीच साक्ष दिली, की होय, हा तिथे होता.

दिवाळीची कथाही अशीच. सात गावांचे सात शिष्य, प्रत्येकाचा आग्रह की सणाला माझ्याच घरी या. श्रीगुरू सातही घरी गेले आणि मठातही राहिले. नंतर एकत्र जमल्यावर प्रत्येक जण म्हणू लागला, माझ्याकडे आले होते. गाणगापूरचे लोक म्हणाले, ते तर इथून हललेच नाहीत.

या दोन कथा चमत्कार म्हणून वाचल्या जातात, वाचाव्यातच. पण त्यांच्याकडे प्रवासकथा म्हणूनही बघा. यात्रा कोणाला घडत नाही? ज्याचं काम सुटत नाही त्याला. ज्याचे गुडघे चालत नाहीत त्याला. ज्याच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्याला. आमच्या वर्गातल्या निम्म्या बायका गाणगापूरला कधीच गेलेल्या नाहीत. पहाटे बंदर, मग बाजार, मग घर. सप्ताहाचे सात दिवस सलग बसायलाही त्यांना जमत नाही, येता-जाता एखादा अध्याय कानावर पडतो तेवढाच. तंतुकाची कथा अशा माणसांना सांगते, की तुमची यात्रा राहून गेलेली नाही. आणि मला विशेष वाटतं ते हे : साक्ष कोणाची? आधी हसले त्यांचीच.

आणि जो परत येत नाही?

इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. फळ्यावर मी रकाने केले होते : जाऊन येणे, फेरी, परिक्रमा, रूपक, बसल्या जागी. तेव्हा मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं. त्या कधी बोलत नाहीत. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वादळात समुद्रावर राहिले. बोट सापडली, माणूस सापडला नाही.

“बाय, तू सांगितलेस ते समदे परत आले. आमचे नाय आले. त्यांचा परवास कंच्या रकान्यात घालशील?”

कोणी काही बोललं नाही. त्या पुढे म्हणाल्या, “चौदावा अध्याय मी तेव्हा ऐकत होते. रोज. सायंदेव आला. आमचे नाय आले.”

ही शंका आपण भक्तमंडळी टाळतो. म्हणतो, श्रद्धा कमी पडली असेल, प्रारब्ध असेल. ज्या बाईने रोज अध्याय ऐकला तिला श्रद्धा कमी पडली म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी त्यांना म्हटलं, मावशी, पुढच्या गुरुवारी आपण एक्कावन्नावा अध्याय घेऊ. तो चौदाव्याचा दुसरा काठ आहे.

एक्कावन्नाव्या अध्यायात श्रीगुरू गाणगापुराहून निघतात. लोकांचा शोक आवरत नाही. काही शिष्य श्रीशैल्यापर्यंत बरोबर जातात. तिथे पाताळगंगेवर, म्हणजे कृष्णेवर, शिष्य केळीच्या पानांचं आणि फुलांचं आसन करतात. ते पाण्यावर सोडतात. श्रीगुरू त्यावर बसतात आणि नदीतून निघून जातात, कर्दळीवनाकडे. ते परत येत नाहीत. ग्रंथ कुठेही म्हणत नाही, की थांबा, चार दिवसांत येतील.

आता आठवा मी काय लक्षात ठेवायला सांगितलं होतं. चौदाव्या अध्यायात शिष्य गेला आणि गुरू काठावर थांबले. इथे गुरू गेले आणि शिष्य काठावर उभे आहेत. जागा बदलल्या. ज्यांनी वाट पाहण्याचं वचन दिलं होतं त्यांनीच आता शिष्यांना वाट पाहणारे केलं.

आणि मग काठावर बातमी येते. कोण आणतं? कोणी ऋषी नाही, पंडित नाही. पलीकडून येणारे नावाडी! ते सांगतात, आम्ही त्या तीरावर एक संन्यासी पाहिला, त्यांनी निरोप दिला आहे, की आम्ही कर्दळीवनात जातो, पण गाणगापुरात नित्य आहोतच. खूण म्हणून फुलं वाहत येतील, ती घ्या. आणि प्रवाहातून चार फुलं येतात. चार शिष्य ती घेतात. त्यांत सायंदेव आहे, आणि कथा सांगणारे सिद्धही आहेत. आपल्याला मिळालेलं ते फूल अजून आपल्याजवळ आहे, असं सिद्ध नामधारकाला सांगतात.

हे वाचून झालं तेव्हा मावशी म्हणाल्या, “नावाडी म्हंजे आमच्यातलेच की.” मी म्हटलं, होय, शेवटचं दर्शन ज्यांना झालं आणि ज्यांच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला ते पाण्यावरचेच लोक. त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, “आमच्याकडं फूल नाय आलं. पण त्यांच्या हातचं एक जाळं हाय, अर्धं विणलेलं. मी ते कुणाला देत नाय.”

मी फळ्यावर सहावा रकाना केला. त्याला नाव दिलं : न परतणे. आणि खाली लिहिलं : मागे काय राहिलं ते जपणे. मावशींचं दुःख त्याने संपलं असं मी म्हणणार नाही. पण ग्रंथात आपल्यासाठी जागा आहे, ही गोष्ट त्यांना कळली. साहित्याच्या अभ्यासाने याहून मोठं काम करावं अशी माझी अपेक्षा नाही.

काठावर थांबणारे

आता सगळं एकत्र करून सांगते. प्रवासाचे प्रकार शिकताना आपण चालणाऱ्याचे पाय मोजतो. पण कुठलीही प्रवासकथा दोन ठिकाणी घडत असते, वाटेवर आणि काठावर. ओडिसियसची बायको पेनेलोपी वीस वर्षं घर सांभाळते, दिवसा वस्त्र विणते आणि रात्री उसवते, म्हणून त्याला परतायला घर उरतं. वरसईला म्हातारे आईवडील होते म्हणून कावडीला अर्थ आला. वाट पाहणं हे रिकामं बसणं नव्हे, तेही प्रवासातलं काम आहे.

गुरुचरित्राचं वेगळेपण मला यात दिसतं, की त्याने या कामावर गुरूंना बसवलं. तू जा, मी इथे आहे, असं म्हणणारा देव आपला आहे. आणि पंधराव्या अध्यायात तेच श्रीगुरू शिष्यांना तीर्थांची नावं सांगून यात्रेला पाठवतात, आणि स्वतः वैजनाथाला गुप्त राहतात. पाठवणं, थांबणं, परत बोलावणं आणि शेवटी स्वतः निघून जाणं, गुरू ही सगळी कामं करतात. ज्याला घरातल्या कोणाची वाट पाहावी लागली आहे, त्याने हे अध्याय पुन्हा वाचून बघावेत. नाखव्याच्या घरची माणसं असोत, परदेशी गेलेल्या मुलाचे आईवडील असोत, की रात्रपाळीवरून कोणी यायचं आहे म्हणून जागी असलेली माउली असो.

पारायणाला बसताना

सप्ताहात पानांचा हिशेब लागतो. आज इतके अध्याय झाले, उद्या तितके. नियम पाळावेतच. पण बरोबर एक वही ठेवा, आणि ज्या कथेत कोणी कुठे जातं तिथे हे पाच प्रश्न लिहून उत्तरं शोधा. मुलांना परीक्षेलाही हेच प्रश्न उपयोगी पडतील, पुस्तक कुठलंही असो.

1. कोण निघालं, आणि आपल्या मनाने निघालं की कोणी पाठवलं?

2. कशासाठी निघालं? जे आणायला गेलं तेच मिळालं का?

3. वाटेत कोण भेटलं? थांबावं कुठे लागलं?

4. परत काय आलं? माणूस, वस्तू, निरोप, की नुसती खूण?

5. काठावर कोण थांबलं होतं, आणि त्याची गोष्ट ग्रंथाने सांगितली आहे का?

पाचवा प्रश्न सोडू नका. पुष्कळ पुस्तकांत त्याचं उत्तर मिळणार नाही. तेही लिहून ठेवा, कारण लेखकाने कोणाला विसरलं हे कळणं हाही अभ्यासच आहे.

यंदाच्या जयंतीला ज्यांना गाणगापूर, वाडी, औदुंबर, पीठापूर, माहूर घडेल त्यांनी जरूर जावं, पायी जमत असेल तर पायी जावं. ज्यांना घडणार नाही त्यांनी तंतुकाची आठवण ठेवावी. जे समुद्रावर असतील ते सुखरूप येवोत, आणि जे कुणाची वाट पाहत असतील त्यांच्याजवळ श्रीगुरू थांबोत, एवढीच महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥